चिंगी नुसती उभी का राहते?

पत्र

डॉक्टरताई, आमचं गाव पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. आम्ही कुंभार. मडक्यांवर आता घर चालत नाही, म्हणून दिवाळीनंतर आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) वीटभट्टीवर माती आणि विटा वाहतो. पाच गाढवं होती. ठेकेदाराची उचल फेडायला तात्यांनी दहा दिवसांपूर्वी राजा विकला, आता चार उरलीत. त्यातली चिंगी आठ-नऊ वर्षांची, बहुतेक गाभण. चार दिवस झाले ती नुसती उभी राहते. कडब्यात तोंड घालते, पण पेंढी तशीच असते. अंग गरम लागत नाही, लोळत नाही, कण्हत नाही. तात्या म्हणतात, "गधडं उभं शे ना, मंग काय व्हयनं तिले?" गावातल्या एका जाणत्यानं पोटावर डाग द्यायला सांगितलंय. दुसरा म्हणतो नाकपुड्या चिरा, म्हणजे दम लागणार नाही. शेजारी म्हणतो पावशेर गोडेतेल पाजा. मेडिकलवाल्यानं गाईचं टॉनिक दिलं होतं, ते बाटलीनं पाजलं. बाकीच्या तिघांच्या पाठीला जखमा आहेत आणि एकाचे खूर चपलेसारखे पुढे आलेत. गाढवांना कोणकोणते रोग होतात आणि घरी काय करता येईल, ते लिहा.
एक वाचक

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण त्यातली एक ओळ सदराच्या तारखेपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. "कडब्यात तोंड घालते, पण पेंढी तशीच असते." फोनवर घाईघाईत जे बोलले ते इथे नीट लिहिते. भट्टीवर, नदीकाठच्या मातीवर, मेंढरांच्या वाड्यांबरोबर गाढवं बाळगणारी घरं खान्देशात अजून आहेत आणि त्यांनी विचारायचं कुणाला, हा प्रश्नच असतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातली गाढवं जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास भरली. २०१२ च्या मानानं साठ टक्क्यांहून जास्त घट. जनावरच कमी झालं की त्याची माहिती असणारी माणसंही कमी होतात. आमच्या शिक्षणातही गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यातून वेळ उरला तर घोडा, आणि घोड्याच्या धड्यात शेवटी दोन ओळी गाढव.

आधी तात्यांच्या वाक्याबद्दल. पोटात कळ आलेला घोडा लोळतो, घामानं निथळतो, मागच्या पायानं पोटावर लाथा मारतो, सगळा गाव गोळा करतो. तेच दुखणं गाढवाला झालं की ते कान थोडे बाजूला पाडतं, मान खाली घालतं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. बस. याहून जास्त ते काही सांगत नाही. आणि एक गंमत, तिला गंमत म्हणायची तर: आजारी गाढव खाण्याचं सोंग करतं. गव्हाणीत तोंड घालतं, जबडा हलवतं, लांबून बघणाऱ्याला वाटतं चरतंय. म्हणून गाढवाचं तोंड बघू नका, गव्हाण बघा. रात्री किती टाकलं, सकाळी किती उरलं, आणि रात्रभरात लीद किती पडली, एवढं रोज डोळ्याखालून घातलंत तर निम्मे आजार तुम्हाला माझ्याआधी कळतील.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, ठेच खाऊन शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावी म्हशीची वार काढायला गेले होते. निघताना एक परीट आडवा आला. म्हणाला, बाई, माझं गाढव दोन दिवस जरा गप्प आहे, बघता का. मी गाडीतूनच पाहिलं. उभं होतं, शेपूट हलत होती, समोर चारा होता. उद्या येते म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यानं ते ओढ्याकाठी पुरूनही टाकलं होतं. तो मला एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून "गप्प आहे" हे दोन शब्द ऐकले की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

चिंगीचं काय झालं असावं, ते सांगते. गाढवानं खाणं सोडलं की त्याचं शरीर साठवलेली चरबी सोडायला लागतं. हे सगळ्याच जनावरांत होतं, पण गाढवात ते थांबवणारी कळ ढिली असते. चरबी रक्तात येत राहते, यकृतात जाऊन साचते, यकृत दमतं, आणि यकृत दमलं की उरलीसुरली भूकही मरते. भूक मेली की आणखी चरबी. या चक्राला हायपरलिपिमिया म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण डॉक्टर आले की "रक्तात चरबी उतरली आहे का बघा" एवढं जरूर म्हणा. रक्ताची नळी थोडा वेळ सरळ उभी करून ठेवली की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, आरपार दिसणारं पाणी राहतं. या आजारात ते पाणी गढूळ, दुधाळ, कधी तर चक्क ताकासारखं दिसतं. एकदा खिडकीच्या पट्टीवर ठेवलेल्या नळीत ते पाहिलं, की पुढे कुणी समजावून सांगावं लागत नाही. जाडी गाढवं, गाभण आणि दूध पाजणाऱ्या गाढवी यांना हे सगळ्यांत लवकर गाठतं, कारण त्यांच्या अंगावर चरबी तरी असते किंवा पोटातल्या शिंगराची मागणी तरी. चिंगी गाभण असेल तर तिच्यासाठी चार दिवस म्हणजे फार झाले. गाढवाचा उपास एक दिवसाच्या पुढे जाऊ देऊ नये, असा माझा नियम आहे.

आता तिनं खाणं सोडलंच का? पत्रात तुम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यात: राजा दहा दिवसांपूर्वी गेला, चिंगी चार दिवसांपासून खात नाही. मी त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. गाढवं जोडी धरतात. पाच गाढवं एका दावणीला असली तरी त्यातली दोन कायम एकमेकांजवळ उभी असतात, एकमेकांची मान खाजवतात, एक पाण्यावर गेलं की दुसरं मागोमाग. जोडीदार विकला, मेला किंवा दुसऱ्या भट्टीवर नेला की मागे राहिलेलं ओरडतं, वाटेकडे बघत राहतं, आणि काही गाढवं खाणंच टाकतात. फोनवर तुम्ही म्हणालात, "हो ताई, ती दोघं बरोबरच असायची." विकत घेणारा धरणगावच्या बाजूचा आहे ना? त्याला विनंती करून राजाला आठ-दहा दिवस परत आणा, हवं तर रोजाची भरपाई द्या. उचलीचे पैसे परत देता येणार नाहीत, हे मला कळतं. पण चिंगी गेली तर नुकसान किती होईल, तो हिशोब तुम्हीच करा. राजा येणं शक्यच नसेल तर उरलेल्या तिघांतलं जे तिच्याशी जमवून घेईल ते तिच्या शेजारी बांधा, आणि इंजेक्शन देताना, सलाईन लावतानाही ते तिच्या नजरेसमोर असू द्या. आणि पुढे कधी एखादं गाढव दगावलंच, तर जोडीदाराला ते कलेवर थोडा वेळ हुंगू द्या. नुसतं गायब झालेल्याला ते शोधत बसतं.

पण सगळा दोष राजाच्या विरहावर टाकून मोकळं होता येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या गाढवाच्या दाढा कधी कुणी पाहिल्यात का? गाढवाच्या दाढा आयुष्यभर थोड्याथोड्या वर येत राहतात आणि चाऱ्यानं झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही की कडांना ब्लेडसारखी धार येते, गाल आणि जीभ सोलून निघते. खूण अशी: गव्हाणीच्या खाली अर्धवट चावलेल्या कडब्याचे ओले बोळे पडलेले असतात, आणि लिदीत कडब्याच्या लांब काड्या दिसतात. असं दिसलं तर वर्षातून एकदा डॉक्टरकडून दाढा घासून घ्या. त्याला तोंड उघडं ठेवायचा फासा आणि लांब दांड्याची कानस लागते. तुम्ही हात घालून बघायच्या फंदात पडू नका, बोट जाईल.

नीट चावला न गेलेला कडबा, त्यात भट्टीवरचं कमी पाणी, मग आतड्यात तो गोळा होऊन बसतो. ही गाढवाची पोटदुखी. आपल्याकडे "उकिरडा फुंकणे" हा वाक्प्रचार गाढवावरूनच आला असावा, पण हल्लीच्या उकिरड्यात भाजीच्या देठांबरोबर गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात. गाठ सोडायला गाढवाला हात नाहीत, ते पिशवीसकट गिळतं. गाय ओकत नाही तरी रवंथ करते. गाढव ओकतही नाही, रवंथही करत नाही. गेलं ते आत गेलं. म्हणून काम सुटल्यावर गाढवं मोकाट सोडून द्यायची सवय, निदान गावाच्या बाजूला, बंद करा. लीद दिवसभरात पडलीच नाही किंवा सुकलेल्या, चिकट आवरणाच्या गोळ्या पडल्या, तर तेव्हाच फोन.

फोन १९६२ ला. पशुसंवर्धन विभागाची फिरती चिकित्सा गाडी त्या नंबरावर मिळते, फोनला पैसे लागत नाहीत. गाडीला उशीर होणार असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात छोट्या टेम्पोनं न्या, आणि जोडीदारालाही बरोबर घ्या. डॉक्टर येईपर्यंत तुमच्या हातात एवढंच: सावली, समोर स्वच्छ पाणी, आणि जे म्हणून ती खाईल ते. इथे पथ्य बाजूला ठेवायचं. बाजरीची भाकरी कुस्करून, केळीची साल, केळं, गाजर, हिरवा लुसलुशीत बांधावरचा चारा, मुठीतून. एका बादलीत साधं पाणी आणि दुसरीत गुळाचं. "गाढवाला गुळाची चव काय" असं म्हणणाऱ्यानं गाढव पाळलेलं नसावं. गुळाच्या पाण्याला नाही म्हणणारं गाढव मी फार आजारी असेल तरच पाहिलंय. मात्र ती स्वतः पिईल तेवढंच.

बाटली तोंडात घालायची नाही. तेलाला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठीच. मान वर धरून पाजलेलं तेल थोडं जरी श्वासनळीत गेलं तर फुफ्फुसात बसतं आणि न्यूमोनिया होतो, आणि मग पोटाचं दुखणं राहतं बाजूला. डॉक्टर तेल देतात तेव्हा नाकातून नळी थेट जठरात घालून देतात. तुम्ही पाजलेल्या टॉनिकनं स्वतः काही बिघडलं नसेल, पण तेव्हापासून तिला ठसका लागतोय का, नाकातून काही वाहतंय का, हे डॉक्टरांना सांगा. लाजू नका.

डागाबद्दल थोडक्यात. तापल्या लोखंडानं आतड्यातला गोळा हलत नाही. डाग दिल्यावर गाढव उडी मारतं, म्हणून "अंगात जीव आला" असं वाटतं, एवढंच. वर भाजलेली जखम, तिच्यावर माशा, आणि दुखण्यामुळे आणखी उपास. नाकपुड्या चिरण्याबद्दल मात्र मला राग आवरत नाही. गाढव फक्त नाकानं श्वास घेतं, माणसासारखं तोंडानं नाही, हे खरं. पण नाकपुडीचं कातडं फाडून वाट रुंद होत नाही. कातडं लोंबतं, धुळीला जी काही आडकाठी होती ती जाते. दम लागतो तो भट्टीच्या धुरानं, धुळीनं, उन्हानं आणि ओझ्यानं. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव असा कापणं गुन्हा आहे, तेही त्या जाणत्यांच्या कानावर घाला.

अंग गरम लागत नाही म्हणून ताप नाही, हेही धरून चालू नका. मेडिकलमधून साधा थर्मामीटर घ्या, त्याला दोरा बांधा, टोकाला तेल लावून गुदद्वारात दोन मिनिटं धरा, पहाटे, ऊन चढायच्या आधी. निरोगी गाढवाचं तापमान ९७.७ ते १०० अंश फॅरनहाइट. गाईचं याहून जास्त असतं, म्हणून गाईच्या सवयीनं "एकशे एक म्हणजे ठीक" म्हणणारा फसतो. गाढवाला एकशे एक म्हणजे ताप.

बाकीच्या तिघांच्या पाठी. ही औषधाची गोष्ट कमी आणि पालाणाची जास्त आहे. तुम्ही मलम लावाल, उद्या त्याच जागी तीच गोण बसेल, परवा जखम आणखी खोल. एकदा पालाण उलटं करून तळहात फिरवून बघा. शिवण टोचते कुठे, घाम आणि माती सुकून कडक झालेला थर कुठे आहे, बारदान चुरगळून गाठ कुठे झालीय. पाठीच्या मणक्याच्या रेषेवर कशाचाही भार येता कामा नये. दोन्ही बाजूंना जाड वळकट्या आणि मधे मोकळी नाळ, अशी बैठक करा. उन्हात वाळवून, झटकून रोज वापरा. तंग (पोटाखालचा पट्टा) आणि दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) नायलॉनच्या दोरीची असेल तर ती सुती पट्ट्यानं गुंडाळा. शेपटीखालच्या जखमा निम्म्या त्या दोरीनं होतात. जखम धुवायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दोन छोटे चमचे मीठ पुरे. चुना, राख, गाडीचं जळकं ऑइल, बॅटरीतलं पाणी, यातलं सगळं मी जखमेवर लावलेलं पाहिलंय. नका. जखम खोल असेल, वास मारत असेल किंवा अळ्या पडल्या असतील तर डॉक्टर, आणि धनुर्वाताची लस. गाढवाला धनुर्वात पटकन होतो, भट्टीवर खिळे-पत्रे पायात जायला कमी नाहीत, आणि एकदा जबडा बसला की वाचवणं अवघड. लस स्वस्त आहे, पहिल्यांदा महिन्याच्या अंतरानं दोन आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी.

आणि जखम भरेपर्यंत त्या गाढवावर ओझं नाही. मला माहीत आहे, ठेकेदार हे ऐकून हसेल. त्याला १९६५ चे मालवाहू जनावरांचे नियम दाखवा. गाढवावर ५० किलोपेक्षा जास्त लादायचं नाही. दिवसाला एकूण नऊ तासांवर आणि सलग पाच तासांवर काम घ्यायचं नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद. वीट तीन किलोची धरली तर ५० किलो म्हणजे सोळा विटा. तुमच्या पत्रात किती लादता ते नाही, पण भट्ट्यांवर मी मोजलंय, वीस-बावीसच्या खाली कुणी थांबत नाही, आणि कच्ची वीट ओली असली तर आणखी जड. राहिली बारा ते तीनची गोष्ट. आपल्याकडे चैत्रात ३७ अंश सकाळीच पार होतात. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे गेल्याची बातमी दरवर्षीची. म्हणून पहाटे चारला सुरू करा, मधे विसावा द्या, दहाला सोडा, संध्याकाळी पुन्हा. पुष्कळ भट्ट्यांवर असं करतात आणि त्यांच्या विटा काही कमी निघत नाहीत.

पाण्याचं गाढवाचं गणित फसवं असतं. ते तहान फार सोसतं, अंगातलं बरंच पाणी कमी झालं तरी चालत राहतं, म्हणून मालकाला वाटतं याला पाणी लागत नाही. उन्हाळ्यात कामावरच्या गाढवाला दिवसाला वीस-पंचवीस लिटर तरी लागतं. आणि ते चोखंदळ. चिखल कालवायच्या हौदातलं, शेवाळलेलं, डिझेलचा वास येणारं पाणी ते हुंगून सोडून देतं आणि उपाशी-तापाशी उभं राहतं. नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती गोष्ट आपण भक्तिभावानं ऐकतो. भट्टीवर निदान एक धुतलेली पाटी वेगळी ठेवा.

खुरांचं. "अडला हरी गाढवाचे पाय धरी" म्हणतात, पण अडायच्या आधीच धरावेत. गाढवाचा खूर घोड्याहून उभट असतो आणि ओल जास्त शोषतो. कोरड्या माळरानाचं जनावर ते. मातीच्या खाणीत, चिखलात दिवसभर उभं राहिलं की खूर मऊ पडतो, तळवा कुजतो, तळवा आणि खुराची कड जिथे जुळतात त्या पांढऱ्या रेषेतून घाण आत शिरते. रात्री तरी कोरडी, उंचवट्याची जागा द्या आणि रोज काडीनं तळवा साफ करा. एवढी सवय शिंगरू असल्यापासून लागली तर मोठेपणी लाथ बसत नाही. कापणी सहा ते आठ आठवड्यांनी. चपलेसारखे वळलेले खूर एका दिवसात सरळ करायला जाऊ नका. चांगला नालबंद दर वेळी थोडं थोडं कापत दोन-तीन फेऱ्यांत आणतो. एका झटक्यात कापलं की रक्त येतं आणि सांधेही दुखावतात. काल बरं असलेलं गाढव आज अचानक एक पाय टेकवतच नसेल, तर बहुधा खुरात पू झालेला असतो. तो कोरून वाट करून दिली की तासाभरात फरक पडतो, पण ते डॉक्टरचं काम. आणि खूर गरम, दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून मागे रेललेलं गाढव दिसलं, तर विचारा की धान्याच्या पोत्याला तोंड लावलं होतं का. भरपूर धान्य किंवा भरपूर गूळ अंगावर आला की खुराच्या आतल्या थराला सूज येते. म्हणजे वर मी सांगितलेला गूळ आजारातला, रोजचा नव्हे. कामाच्या गाढवाला ज्वारी-बाजरीचा कोरडा, बुरशी नसलेला कडबा, थोडा हिरवा चारा, मिठाचा खडा आणि कामाच्या दिवसांत मूठ-दोन मूठ भरडा, एवढ्यावर ते छान राहतं.

दोन वस्तूंपासून सांभाळा, कारण त्या आपल्या गोठ्यांत सहज सापडतात. कोंबडीखाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं घातलेली असतात. कोंबडीला ती सोसतात, गाढवाचं हृदय बंद पाडतात. आणि गोचिडांसाठी गाईंवर फवारतात ते अमिट्राझ गाढवाला लावू नका, त्यानं आतड्याची हालचाल थांबते. उवा-खरूज असेल तर डॉक्टरांना "गाढवाला चालेल असं" म्हणून मागा. जंताचं औषधही तसंच. लीद तपासून, वजनाच्या अंदाजानं, तोंडावाटे. गाईची इंजेक्शनं गाढवाला टोचत बसू नका. अंगावर मस्सासारखी गाठ दिसली तर घोड्याचा केस किंवा दोरा बांधून तोडायचा उद्योग नको. गाढवांत ती बहुधा सारकॉइड नावाची कातडीची गाठ असते आणि डिवचली की दुप्पट होऊन येते.

पावसाळ्यानंतर गोमाशा वाढल्या की सर्रा हा त्यांच्या चाव्यातून पसरणारा रोग लक्षात ठेवा. ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो, खाऊनही गाढव वाळत जातं. रक्ताची काच तपासली की कळतं आणि उपचार आहे. ज्याला उपचार नाही तो ग्लँडर्स. नाकातून चिकट पिवळं वाहणं, नाकात व्रण, पायांवर ओळीनं फुटणाऱ्या गाठी. हा रोग माणसालाही होतो. असं काही दिसलं तर त्या गाढवाला वेगळं बांधा, उघड्या हातानं नाक पुसू नका आणि लगेच कळवा. रक्त तपासायला हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातं. रोग ठरला तर जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याखाली जनावर मारावं लागतं, पण सरकारी भरपाईची तरतूद आहे, म्हणून लपवू नका. सारंगखेड्याच्या यात्रेला घोड्यांबरोबर कुणी गाढवं नेत असेल तर परक्या घोड्याच्या बादलीत पाणी पाजू नये, एवढं सांगून पुढे जाते.

हे छापून येईपर्यंत चिंगी खाऊ लागली असेल अशी आशा आहे. लागली तरी लगेच गोण चढवू नका. भूक परत आल्यावर दोन आठवडे तरी तिला नुसतं राजाच्या किंवा दुसऱ्याच्या सोबतीनं हिंडू द्या, आणि लीद मोजत राहा. ती खरंच गाभण आहे का, हे डॉक्टरांकडून याच फेरीत तपासून घ्या. गाढवीचे दिवस साधारण बारा महिन्यांचे, म्हणजे शेवटचे तीन महिने तिला भट्टीवर न्यायचं नाही, हे आत्ताच ठरवता येईल. आखाजीला भट्टी विझली की चौघांच्या दाढा, खूर आणि धनुर्वाताची लस एकाच दिवशी उरकून टाका. राजा तोवर तुमच्याकडेच असेल तर त्याच्याही.